‘हिला काहीतरी खायला द्या’

(दृश्य : इटलीतलं सिएना. विटांची घरं, उतरत्या गल्ल्या, टेकडीवर संत डोमिनिकचं चर्च.)

खाण्याचा विकार आणि श्रद्धा यांची ही गोष्ट एका संत बाईपासून सुरू होते. कॅथरीन या गावात 1347 साली जन्मली. वडील रंगारी, घर खटल्याचं, भावंडं विसाहून जास्त. ती पंधरा वर्षांची असताना थोरली बहीण बाळंतपणात गेली आणि घरच्यांनी हिच्या लग्नाचा घाट घातला. कॅथरीनने केस कापून टाकले. शिक्षा म्हणून घरकामाचा सगळा डोंगर तिच्या अंगावर आला. तोवर तिच्या ताटातला एकेक पदार्थ कमी होत चालला होता.

पुढे हीच मुलगी पोपना खडसावणारी पत्रं लिहू लागली. पोपची गादी फ्रान्समधल्या अविन्योंहून रोमला परत यावी म्हणून तिने धडपड केली, आणि ती आलीही. 1380 मध्ये ती वारली तेव्हा तिचं वय होतं 33. चर्चने 1461 मध्ये तिला संत म्हणून घोषित केलं.

तिच्या उपवासाचं कौतुक पुष्कळ झालं. मात्र तिचं पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने ‘जेव’ अशी आज्ञा केली होती, हे सहसा सांगितलं जात नाही. उपवासामागे सैतान तर नाही ना, अशी शंका घेणाऱ्या फ्लॉरेन्सच्या एका धर्मबंधूला तिने दिलेलं उत्तर आजही वाचायला मिळतं. आपण रोज बळेच घास घेतो, इतरांसारखं जेवता यावं म्हणून देवाला विनवतो, असं ती त्यात लिहिते. श्रद्धा कमी पडली म्हणून माणूस जेवत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे पत्र वाचावं. हिच्याइतकी श्रद्धा कुणाची असणार?

(दृश्य : जुनं हस्तलिखित. कॅमेरा ओळींवरून सरकतो.)

आणखी एक पत्र आहे. ओर्विएतोच्या डॅनिएला नावाच्या धर्मभगिनीला लिहिलेलं. ही डॅनिएला कठोर तप झेपेना म्हणून खचली होती. कॅथरीन तिला समजावते की तप हे साधन आहे, त्यालाच सर्वस्व मानू नकोस. शरीर आजारी असेल तर उपवास सोड, मांस खा, एका जेवणाने भागत नसेल तर चारदा जेव. गुडघे टेकवत नसतील तर बसून, नाहीतर आडवी पडून प्रार्थना कर.

दुसरीला इतक्या मायेने सांगणारी ही बाई स्वतःला ती सूट देऊ शकली नाही. खाण्याच्या विकारातून गेलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. मैत्रिणीच्या ताटात आग्रहाने वाढायचं आणि आपलं ताट सरकवून ठेवायचं.

कॅथरीनला आजचं निदान चिकटवावं का, यावर अभ्यासकांचा वाद आहे. इतिहासकार रुडॉल्फ बेल यांनी 1985 मध्ये तिच्यात अनोरेक्सियाशी, म्हणजे वजन वाढण्याच्या धास्तीने जेवण तोडत जाण्याच्या विकाराशी, साम्य पाहिलं. दोन वर्षांनी इतिहासकार कॅरोलिन बायनम यांनी हरकत घेतली. मध्ययुगात बाईच्या हाती फार काही नव्हतं, अन्न मात्र होतं, त्यामुळे तिचा उपवास त्या काळाच्या धर्मजीवनात ठेवूनच समजून घ्यायला हवा, असं त्यांचं म्हणणं. मला बायनम जास्त पटतात. पण शरीराला शतक कळत नाही. उपासमार झाली की ते तसंच वागतं.

(दृश्य : मिनेसोटा विद्यापीठ, अमेरिका. काळी-पांढरी छायाचित्रं.)

हे सिद्ध झालं ते 1944-45 मध्ये, आणि तेही श्रद्धावंतांच्याच शरीरांवर. युद्धात बंदूक उचलायला नकार देणारे 36 तरुण शरीरक्रियाशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांच्या प्रयोगात स्वेच्छेने उतरले. त्यांतले बरेच क्वेकर, ब्रेदरन, मेनोनाइट अशा शांततावादी चर्चचे. युरोपातल्या भुकेल्यांना पुन्हा कसं उभं करायचं हे कळावं, म्हणून हे सहा महिने अर्धपोटी राहिले. निवड झाली तेव्हा सगळे मनाने धडधाकट होते. मग चिडचिड सुरू झाली. थंडी वाजायची, माणसं नकोशी वाटायची. डोक्यात चोवीस तास अन्न. काहींनी चक्क पाककृतींची पुस्तकं गोळा केली. पुन्हा पोटभर मिळू लागलं तेव्हा कितीही खाल्लं तरी समाधान होईना.

आज खाण्याच्या विकारांवर उपचार करणारे या प्रयोगाचा दाखला रुग्णांना देतात. उपाशी मेंदू नीट विचार करू शकत नाही, म्हणून आधी पोटात अन्न जायला हवं आणि समुपदेशनही त्याच्या जोडीने चालायला हवं.

बायबलात हा क्रम आधीपासून आहे. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला जाब विचारत नाही, भाकर आणि पाणी देतो. तो खातो, झोपतो. देवदूत पुन्हा उठवून खायला लावतो. कामाचं बोलणं त्यानंतर. मार्कच्या शुभवर्तमानात याईराची मुलगी मेलेली उठते. वय बारा वर्षं. सगळे थक्क होऊन उभे, आणि येशू म्हणतो, हिला काहीतरी खायला द्या.

(दृश्य : वसईतलं एक चर्च. प्रायश्चित्तकाळातली संध्याकाळ.)

आपल्याकडे अडचण वेगळीच आहे. एकादशी असो, उपास-प्रार्थनेचा आठवडा असो की ईस्टरआधीचे प्रायश्चित्तकाळाचे 40 दिवस, न खाणाऱ्या मुलीचं घरात कौतुकच होतं. आजाराला लपायला याहून चांगली जागा कुठली? शरीर देवाचं मंदिर आहे, हे वचनही डाएटच्या चाबकासारखं वापरलं जातं. एरवी देवाचं नाव न काढणारी माणसंसुद्धा ते ऐकवतात.

खरं तर कॅथलिक चर्चचा सक्तीचा उपवास वर्षातून दोनच दिवस : राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. तोही 18 ते 59 वयाच्या निरोगी माणसांना. आजारी माणसाला मोकळीक आहे, आणि खाण्याचा विकार हा आजारच आहे. 1873 मध्ये विल्यम गल या लंडनच्या डॉक्टरांनी अनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव दिलं, तेव्हापासून वैद्यकशास्त्र तो ओळखतं.

म्हणून फादरनी किंवा पाळकांनी स्पष्ट शब्दांत सांगावं : यंदा तू उपवास करायचा नाहीस, तिन्ही वेळा जेवणं हेच तुझं व्रत. हे आईने सांगितलं तर भांडण होतं. धर्मगुरूंनी सांगितलं की अपराधीपणाच्या हातातलं हत्यार निसटतं. श्रद्धेचा आधार म्हणतात तो मला इथे दिसतो. जेवणाआधीची प्रार्थना एकटीने म्हणण्यापेक्षा शेजारी कुणी बसून म्हटली, तर पहिला घास थोडा सोपा जातो. रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर भेटणाऱ्यांनी ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ म्हणू नये. ‘अंग धरलंस’ हे तर कौतुकानेही म्हणू नये.

डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांची जागा मात्र प्रार्थना घेत नाही. चक्कर येत असेल, छातीत धडधडत असेल, तर आधी दवाखाना गाठावा. कुणाशी बोलावं कळत नसेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो. तिथे मराठीतही बोलता येतं.