इसार देण्याआधी

नमस्कार, श्रोतेहो. दसरा जवळ आला की सोलापुरात घरोघरी गाडीचा विषय निघतो. नवी परवडत नाही, मग जुनी बघू, असं ठरतं आणि कुणाचा तरी मेहुणा ‘एकदम मेंटेन’ गाडी घेऊन हजर होतो. गाडी जरूर बघा, इसार मात्र लगेच देऊ नका.

आधी आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, मागा आणि बँकेचा बोजा आहे का बघा. मालकानं कर्ज फेडलेलं असलं, तरी बँकेची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, आणि फॉर्म 35 आरटीओत देऊन बोजा उतरवला नसेल, तर कागदावर बँक तशीच राहते. एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकून विमा, पीयूसीही बघता येते. ई-चलनाची थकबाकी वेगळी तपासा.

आपल्याकडे कर्नाटकची सीमा जवळ. विजयपूरची केए 28 किंवा कलबुर्गीची केए 32 गाडी स्वस्तात सांगितली जाते. पण ती इथं कायम वापरायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, लागते. शिवाय महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरून एमएच 13 नंबर घ्यावा लागतो. हा खर्च मिळवला की पुष्कळदा स्वस्ताई तिथंच संपते.

दुसरी भीती पाण्याची. सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीला महापूर आला, तो आपण पाहिलाय. बुडालेली गाडी धुऊन-पुसून चकचकीत करता येते. म्हणून सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढा, आत चिखलाची रेघ राहिलेली असते. स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. मॅट उचलून कार्पेटचा वास घ्या. गाडीत अत्तराचा घमघमाट असेल, तर मी तरी जरा जास्तच हुंगून बघेन!

सकाळी बोलावलं तर ‘दुपारी येतो’ म्हणा. सोलापूरच्या उन्हात गाडी जागेवर उभी ठेवून एसी लावा, खरं काय ते कळतं. टायर कधी बनला ते सांगणारे त्याच्यावरचे चार आकडेही वाचा: 2321 म्हणजे 2021 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी जुनं रबर कडक होतं.

व्यवहार ठरला की गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या होतात. कोरे फॉर्म एजंटाकडे ठेवून घरी येऊ नका. गाडी नावावर झाल्यावर 14 दिवसांत विमाही आपल्या नावावर करायला अर्ज द्या. नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जुन्या मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. तो त्याच्याबरोबर जाणार आणि फरक तुम्हाला भरावा लागणार. त्यामुळे ‘विमा फुकट देतोय, बोनससकट’ असं कुणी म्हणालं, तर हसा आणि भाव करत राहा.