उसाच्या पानामागं कोण कुणाला खातंय?

नमस्कार मंडळी, आत्ता मी वाळवा तालुक्यात आमच्या उसात उभा आहे, वारं सुटलंय त्यामुळं आवाज मागंपुढं होईल. कॅमेरा जवळ आणतो, हे पान उलटं करतो, बघा. मधल्या शिरेच्या कडेनं कापूस पिंजून चिकटवल्यासारखं दिसतंय ना, तो लोकरी मावा, उसाचा रस ओढणारी बारीक कीड. २००२ च्या जुलैमध्ये हा आपल्या सांगली जिल्ह्यात दिसला आणि बघता बघता फडच्या फड पांढरे झाले.

शाळेत आपण गवत, टोळ, बेडूक, साप अशी अन्नसाखळी पाठ केली. मला ती खरी कळली ती इथं. ऊस उन्हावर साखर बनवतो, मावा सोंड खुपसून रस ओढतो, पण ओढलेली सगळी साखर काय त्याला लागत नाही, मग उरलेला गोड चिकटा तो बाहेर टाकतो, तो खालच्या पानावर पडतो, बोट लावलं की चिकटतं बघा, त्यावर मुंग्या येतात, काळी बुरशी धरते, पान काजळी फासल्यागत होतं आणि त्याला ऊनच मिळत नाही. म्हणजे फिरून मार उसालाच.

आता इथं नीट बघा. त्या पांढऱ्यात बारीक जाळी आहे आणि आत अळी. ही डिफा. पतंगाची अळी म्हटलं की पान कुरतडणार असं आपण धरून चालतो आणि चिरडतो, पण ही पानाला तोंड लावत नाही, मावा खाते! दुसरा मायक्रोमस नावाचा कीटक, त्याची पिल्लंपण मावा खातात आणि मोठे झालेलेपण. कोळी मग ह्यांना धरतो, ते वेगळंच.

आमचे आबा सांगतात, २००२ ला मावा आला तेव्हा त्यांनी दोनदा औषध मारलं आणि मावा परत आलाच. कारण औषधानं मावा मेला तशी डिफापण मेली. थोडा मावा उरतोच, त्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं घालते, त्यामुळं तो झपाट्यानं वाढतो. डिफाला मात्र आधी पतंग होऊन अंडी घालावी लागतात, आणि खायला मावा पुरेसा झाल्याशिवाय ती टिकतच नाही. खाणारा कायम मागनं येतो, आणि मधल्या दिवसांत फड जातो. पुढं शास्त्रज्ञांनी सांगितलं की असे मावा खाणारे मित्रकीटक दिसले तर फवारू नका, मग डिफा असलेली पानं कापून दुसऱ्या फडात नेऊन लावली, त्यानं मावा आटोक्यात आला.

हे पान मी होतं तसं सोडतोय. तुमच्या उसात पांढरं दिसलं तर दुकानात जायच्या आधी चार-पाच पानं उलटी करा, जाळी दिसली तर फोटो पाठवा, मी बघून सांगतो.