दातावर दात

(दृश्य: ओट्यावर जांभई देणारा कुत्रा)

पुरी होऊ द्या जांभई. पटाशीच्या दातांच्या दोन्ही कडांना उभे आहेत ते सुळे. रानडुकराच्या जबड्याबाहेर वळलेले तेही सुळेच. हत्तीच्या दातांना मात्र आपण उगाच सुळे म्हणतो. ते वाढलेले पटाशीचे दात. उंदराला तर सुळाच नाही, तिथे नुसती मोकळी जागा.

(दृश्य: आरशासमोर मुलगी)

आता माणसाचं तोंड. मधल्या रेघेपासून मोजा. दोन पटाशीचे, तिसरा सुळा, मागे उपदाढा आणि दाढा.

(दृश्य: फूटपट्टीशेजारी वरचा सुळा)

तोंडात दिसतो तो एवढासा शेंडा. बाकी सगळं मूळ, दीड सेंटिमीटरहून लांब. एवढं लांब मूळ दुसऱ्या कुठल्याच दाताला नाही. नाकपुडीखाली ओठावरून बोट फिरवा, याच मुळाचा उंचवटा लागेल.

(दृश्य: नऊ वर्षांच्या मुलाचा एक्स-रे)

दुधाचा सुळा अजून जागेवर आहे. पक्का सुळा शोधायला नजर बरीच वर न्यावी लागते, पार नाकाच्या बाजूला. पहिल्या वाढदिवसाआधीच तो तिथे घडू लागलेला असतो, आणि हिरडीतून डोकावतो अकराव्या-बाराव्या वर्षी. तोवर पुढचे पटाशीचे दात आणि मागची पहिली उपदाढ आपापल्या जागा धरून बसलेले. उशिरा आलेल्या पाहुण्याला पाट कुठून मिळणार? मग तो बाहेरच्या अंगाने शेजारच्या दातांवर चढतो. कधी टाळूकडे वळून हाडातच अडकतो. अक्कलदाढेखालोखाल अडकून बसणारा दात हाच.

(दृश्य: दवाखाना, आई आणि मुलगा)

“डॉक्टर, तो दातावरचा दात काढूनच टाका.” ही मागणी रोजची. डोळ्याची नस दुखावेल म्हणून घाबरणारेही येतात. सुळ्याचा नजरेशी काही संबंध नाही. काढू नये ते वेगळ्याच कारणासाठी.

(दृश्य: प्लास्टरचे जबडे, बाजूला सरकताना)

ते कारण इथे बघा. वरचा सुळा खालच्यावर घसरला आणि मागच्या दाढा एकमेकींपासून सुटल्या. बाजूचा ताण सुळ्याने घेतला. जागा करायचीच असेल तर बहुतेकदा उपदाढ काढतात आणि सुळा तारेने खाली ओढून आणतात.

(दृश्य: दुसरा एक्स-रे)

अडकलेल्या सुळ्याने झिजवलेलं शेजारच्या दाताचं मूळ.

(दृश्य: शाळेतली तपासणी)

वय नऊ-दहा. डॉक्टरांची तर्जनी हिरडीवरून फिरतेय. डावीकडे येणाऱ्या सुळ्याचा फुगवटा लागला. उजवीकडे अजून चाचपणी चालू आहे.