नाव पोर्तुगीज, चर्च मात्र दादरचं

दादरला टॅक्सीवाल्याला नुसतं 'पोर्तुगीज चर्च' म्हणा, पुढे काही सांगावं लागत नाही, तो बरोबर एस. के. बोले रोडवर आणून सोडतो. पण उतरून समोर बघितलं की वाटतं अरे, चुकीच्या जागी आलो की काय, कारण गोव्यातल्या चर्चची ती पांढरी दर्शनी भिंत, ते जोडमनोरे, इथे काहीच नाही, आहेत ते वर निमुळते होत गेलेले काँक्रीटचे घुमट.

खरं नाव अवर लेडी ऑफ साल्वेशन, म्हणजेच साल्वासांव. १५९६ साली फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी इथे चर्च उभारलं. पुढे १६६१ च्या तहात मुंबई इंग्रजांच्या राजाला आंदण गेली, पोर्तुगीजांचं राज्य इथून उठलं, धर्मग्राम, म्हणजे या चर्चचा भाविक समाज, मात्र जागचा हलला नाही, आणि लोकांच्या तोंडी नाव पोर्तुगीजच राहिलं.

आज दिसते ती इमारत १९७० च्या दशकातली, वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची. साबरमतीचं गांधी संग्रहालय त्यांचंच, नवी मुंबईच्या आखणीतही ते होते. चर्च म्हटलं की एकच लांबलचक बंद हॉल आणि टोकाला वेदी असं आपल्या डोळ्यासमोर येतं ना, कोरियांनी तो हॉलच मोडला. येशूच्या आयुष्याचे तीन टप्पे धरले, बाप्तिस्मा, मग लोकांत फिरून केलेला उपदेश आणि शेवटी बलिदान, आणि त्याप्रमाणे जागा एकमेकींना जोडत नेल्या, काही छपराखाली, काही चक्क उघड्या आभाळाखाली. म्हणजे आत जाता जाता मध्येच अंगण लागतं, वारा लागतो, पुन्हा सावली. मला यातलं सगळ्यात जास्त हे अंगणच आवडतं, वाड्यातल्या चौकासारखं.

आता कॅमेरा वर नेतोय, नीट बघा. घुमट वर जाताना चिमणीसारखा अरुंद होतो. मुंबईचा उकाडा तुम्हाला माहितीये, त्यात मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला, भरपूर माणसं, सगळी गरम हवा वर चढते आणि तिथून बाहेर पडते, खाली अंगणाकडून ताजी हवा आत येत राहते. म्हणजे हे आकार नुसते दिसायला छान म्हणून केलेले नाहीत. आणि त्याच वरच्या तोंडातून उजेड खाली उतरतो, आधी काँक्रीटच्या गोलाईवर पसरतो, मऊ होतो, आणि मग खाली बाकांवर बसलेल्या माणसांपर्यंत येतो.