तीन चाकांची बाबागाडी

नमस्कार, श्रोतेहो.

माझी ३२ वर्षांची नोकरी तीनचाकी गाड्या बनवणाऱ्या कारखान्यात झाली. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, सुटलो या तीन चाकांच्या तावडीतून. गेल्या वर्षी लेकीचा ठाण्याहून फोन आला. 'बाबा, छोटीसाठी बाबागाडी घेतोय. तीन चाकांची, घडी होणारी. तुम्ही जरा बघून द्याल का?' आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, 'घ्या, आला तुमचा धंदा परत.' वर हेही म्हणाली, की आपली पोरं कडेवर वाढली, गाडीवाचून कुणाचं काही अडलं नाही. खरं आहे. पण कडेवर घ्यायला घरात माणसं लागतात. आत्या, काकू, शेजारच्या आजी. ठाण्याच्या त्या फ्लॅटमध्ये दोघंच, आणि नात सात महिन्यांची, साडेसात किलोची. तिला घेऊन भाजी आणायची तर कंबर बोलायला लागते.

तर मी निघालो. जाताना सोबत दहा किलो कोलम तांदळाची पिशवी घेतली. ती कशाला, ते सांगतो.

आधी तीन चाकांबद्दल. चुलीला दगड तीनच का मांडतात, माहीत आहे ना? जमीन कितीही उंचसखल असो, तीन टेकू कायम टेकतात. चार पायांचं टेबल हॉटेलात डुगडुगतं आणि आपण पायाखाली कागदाची घडी सारतो. तिवईला असली घडी कधी लागत नाही. आपल्या फुटपाथवर, जिथे एक पेव्हर ब्लॉक वर आणि दुसरा खाली, तिथे तीनचाकी बाबागाडी म्हणूनच बरी चालते. शिवाय पुढे एकच चाक, त्यामुळे वळते हलकी. एका हाताने ढकलता येते, दुसऱ्या हातात छत्री धरता येते. वळवण्याची ही सोय मोठ्यामोठ्यांना मोहात पाडून गेली आहे. कार्ल बेंझने १८८६ साली पेटंट घेतलेली मोटारगाडी तीनचाकीच होती. आणि आपला पांगुळगाडा? तोही तीन चाकांचाच. सावंतवाडीच्या चितार आळीतल्या लाकडी खेळण्यांत तो तुम्ही पाहिला असेल.

आता हिची खोड. रिक्षावाल्याला विचारा, वळणावर ब्रेक मारताना त्याच्या पोटात काय होतं. तीन टेकूंचा त्रिकोण होतो, आणि सगळा भार त्या त्रिकोणाच्या आत राहिला पाहिजे. भार कडेबाहेर गेला की गाडी कलंडली. त्रिकोण मागे रुंद आणि पुढे निमुळता. म्हणजे पुढच्या बाजूला, तिरकं, गाडी सगळ्यात कच्ची.

थोडे आकडे सांगतो, कंटाळू नका. समजा मागच्या दोन चाकांत अंतर ५० सेंटिमीटर आहे, आणि पुढचं चाक मागच्या अ‍ॅक्सलपासून, म्हणजे मागची चाकं ज्यावर फिरतात त्या कण्यापासून, ६० सेंटिमीटरवर आहे. चारचाकी असती तर बाळाच्या भारापासून बाजूची कड २५ सेंटिमीटर लांब पडली असती. तीनचाकीत, भार मागच्या अ‍ॅक्सलपासून २० सेंटिमीटर पुढे असेल तर कड उरते साधारण १५ सेंटिमीटरवर. तोच भार आणखी दहा सेंटिमीटर पुढे सरकला, म्हणजे बाळ कुत्रा बघायला पुढे वाकलं, की उरतात साडेअकरा. गाडी तीच आणि पोरही तेच, पण कलंडायला लागणारा धक्का पाऊण झाला. म्हणून तीनचाकी घेताना मी दोनच गोष्टी आधी पाहतो. मागची रुंदी किती, आणि बाळाची बैठक मागच्या चाकांच्या किती जवळ. रंग नंतर.

इथेच 'कॉम्पॅक्ट', म्हणजे आटोपशीर, छोटी घडी होणारी, या शब्दाशी भांडण सुरू होतं. तीन चाकांची बाबागाडी जन्मली ती पळण्यासाठी. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावच्या फिल बेकलर नावाच्या गृहस्थाला लहान मुलाला घेऊन पळायला जायचं होतं, म्हणून १९८४ च्या सुमारास त्याने बाबागाडीला सायकलची चाकं लावली. चाकं मोठी, पसारा लांबरुंद. उलट, छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी आली ती १९६५ मध्ये, ओवेन मॅक्लारेन या इंग्रज अभियंत्याच्या डोक्यातून. स्पिटफायर या लढाऊ विमानाची चाकं पंखांत दुमडून घेणाऱ्या यंत्रणेवर त्याने काम केलं होतं. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची त्याची गाडी तीन किलोच्याही आत होती. कॉम्पॅक्ट तीनचाकी म्हणजे या दोन घराण्यांची सोयरीक. तिने चाकांची संख्या एकाकडून घेतली आणि घडी दुसऱ्याकडून. मोठी चाकं आणि ऐसपैस रुंदी मात्र माहेरीच राहिली. त्यामुळे दिसायला पळायच्या गाडीसारखी असली, तरी हिला घेऊन पळायचं नाही. दुकानदार काहीही म्हणो.

नौपाड्यातल्या एका दुकानात मी तांदळाची पिशवी घेऊन शिरलो तेव्हा तिथल्या पोराला वाटलं, वाण्याचं दुकान चुकून आलोय. मी दोन गाड्या काढायला लावल्या. पिशवी बैठकीवर ठेवली. आडवी नाही हं, उभी, कारण तान्ह्या जिवाचं डोकं जड असतं आणि भार वर असतो. पट्टे आवळले. मग बैठकीच्या बाजूला हात लावून पुढे-तिरकं हळूच ढकललं. एका गाडीचं मागचं चाक लगेच हवेत. जरा जोर वाढवला असता तर कोलम फरशीवर. दुसरी रुंद होती, तिने चांगला नकार दिला. पोरगा म्हणाला, 'काका, पण पहिलीची घडी छोटी होते.' होते ना. रुंदी कापूनच होते ती. दुकानात रिकामी गाडी चकचकीत फरशीवर ढकलून बघणं म्हणजे गादीवर न झोपता खोळ बघून गादी घेणं.

पण घडीचं महत्त्व मी कमी लेखत नाही. उलट लेकीकडे जाऊन आधी मापं घेऊन आलो होतो. लिफ्टचा दरवाजा ७० सेंटिमीटर. जुन्या इमारतींत जाळीच्या दाराची लिफ्ट असते, तिथे तर मापल्याशिवाय पाऊल टाकू नका. दुसरं माप टॅक्सीच्या डिकीचं. आपल्याकडे भाड्याच्या बहुतेक गाड्यांच्या डिकीत सीएनजीचं नळकांडं असतं, आणि उरलेल्या जागेत दोन पिशव्या कशाबशा बसतात. कंपनी छापते ती घडीची लांबी-रुंदी बघून फसू नका. तीनचाकीचं पुढचं चाक घडी झाल्यावरही नाकासारखं बाहेर डोकावतं, तिसरं माप म्हणजे जाडी, ती विचारा. काहींचं पुढचं चाक खटका दाबला की निघून येतं. ते बरं. मात्र पुन्हा बसवताना 'टक्' असा आवाज ऐकल्याशिवाय मूल बसवायचं नाही.

घडी करून बघताना डाव्या हातात काहीतरी धरा. मी पिशवीच धरली होती. कारण प्रत्यक्षात त्या हातात मूल असणार, रिक्षावाला हॉर्न वाजवत असणार, आणि पाऊस असणार. दोन्ही हात आणि एक गुडघा लागणारी गाडी तिथे उपयोगाची नाही. आणि सांधे नीट बघा. २००९ साली अमेरिकेत एका नामांकित कंपनीला सुमारे दहा लाख गाड्यांबाबत ग्राहकांना सावध करावं लागलं होतं, कारण उघडताना बिजागरीत मुलांची बोटं सापडून टोकं तुटली होती. बिजागरीला टोपणं देण्यात आली. तेव्हा गाडी उघडताना आणि मिटताना मूल हाताच्या अंतराबाहेर हवं, गाडी कितीही महागाची असली तरी.

ब्रेकबद्दल एक अगदी आपल्याकडची गोष्ट सांगतो. पुष्कळ गाड्यांची ब्रेकची पट्टी पायाने खाली दाबली की लागते, आणि सोडवायला पायाच्या बोटांनी वर उचलावी लागते. बुटात हे सोपं आहे. चपलेत, अंगठा सोलून निघतो. लेक म्हणाली, बाबा हे तुमच्याच डोक्यात येऊ शकतं. मी म्हटलं, ठाण्यात भाजी आणायला बूट घालून कोण जातं? ज्या गाडीची पट्टी दोन्ही वेळा खालीच दाबायची असते, ती शोधा. आणि एकाच दाबात मागची दोन्ही चाकं जखडली गेली पाहिजेत.

चाकांचं सांगायचं तर, चाक स्वतःच्या निम्म्या उंचीइतक्या पायरीसमोरही हतबल होतं, नुसतं ढकलून ते चढत नाही. बारा सेंटिमीटरचं चाक असेल तर तीन-चार सेंटिमीटरचा उंचवटाही त्याला डोंगर. गटाराच्या जाळीच्या फटीत तर बारीक चाक सरळ उतरतं. त्यामुळे पुढचं चाक निदान पंधरा-सोळा सेंटिमीटरचं, जरा रुंद पट्टीचं बघा. काही गाड्यांत पुढे दोन बारीक चाकं जोडीने असतात. तीही एकच समजायची. फोमची किंवा भरीव रबराची चाकं घ्या, हवेची नकोत, पंक्चरवाला बाबागाडीचं चाक हातात घेऊन हसतो. पुढचं चाक सरळ जखडायचा खटका हवाच. खडबडीत रस्त्यावर सुटं चाक बाजारातल्या ट्रॉलीसारखं थरथरायला लागतं, तेव्हा तो लावायचा.

फुटपाथवर चढताना गाडी अगदी समोरासमोर न्या, दांडा खाली दाबा, पुढचं चाक उचला, मग मागची. तिरकं कधीच नाही, मघाचा त्रिकोण आठवा. उतरताना गाडी उलटी फिरवा, आधी मागची चाकं. रेल्वेच्या पुलावर मात्र मूल कडेवर आणि गाडी मिटलेली, त्याला पर्याय नाही.

आता माझी फजिती. गाडी घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात मी नातीला घेऊन बाजारात गेलो. मेथी, दुधी, बटाटे, कांदे. दांड्याला पिशवी अडकवली. ३२ वर्षं भाराचा हिशोब केलेल्या माणसाने! घरी आलो, पट्टे सोडले, नातीला उचललं, आणि गाडी मागच्या मागे उताणी. बटाटे लिफ्टच्या दारापर्यंत. वॉचमन धावला. हिशोब असा होता. गाडी ७ किलोची, तिचा भार मागच्या अ‍ॅक्सलच्या २० सेंटिमीटर पुढे. सात वीसं एकशेचाळीस. पिशवी ६ किलोची, दांडा अ‍ॅक्सलच्या २५ सेंटिमीटर मागे. सहा पंचवीसं दीडशे. पोर बसलेली असते तोवर तीच गाडीला धरून ठेवते. तिला उचललं की पिशवीचं राज्य. गाडी जितकी हलकी, तितकं हे लवकर होतं, आणि आपण तर हलकी म्हणूनच ती घेतलेली असते. ओझं बैठकीखालच्या टोपलीत, तेही टोपलीवर लिहिलेल्या वजनाइतकंच. पिशवी आधी काढायची, मूल नंतर. आमच्या घरी हा नियम आता मलाच ऐकवला जातो.

पट्टे पाच टोकांचे हवेत, दोन खांद्यांवर, दोन कमरेला, एक पायांमधून. पायांमधला नसेल तर मूल खाली घसरतं. एवढं पुरे.

वयाचं मात्र नीट सांगायला हवं. मान न धरलेल्या बाळाला ही बसती गाडी नको. नवजात बाळासाठी पाठ पूर्ण आडवी होणारीच हवी, आणि पुष्कळ कॉम्पॅक्ट गाड्यांची पाठ तितकी आडवी होत नाही. बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुलीसाठी हौसेने आधीच आणून ठेवू नका. पाच-सहा महिने थांबा, बाळ आधाराने बसायला लागू दे. शंका असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारा. मूल गाडीत झोपलं तर घरी पोचल्यावर त्याला सपाट गादीवर ठेवायचं.

आणि ओढणी. उन्हात टपावर ओढणी टाकून गाडी गुडूप झाकलेली मी रोज बघतो. रिक्षाचा टप उन्हात असतो तरी तिच्या दोन्ही बाजू उघड्या असतात, वारा खेळतो. बाबागाडी झाकली की आतली हवा कोंडते, गरम होते, आणि बाळ आपल्याला दिसतही नाही. चांगला टप पुढे लांब ओढता येतो आणि त्याला मागे जाळीची खिडकी असते. पावसाळ्याचं प्लास्टिकचं आवरण घ्याल त्यालाही बाजूला भोकं आहेत ना, बघा, आणि पाऊस थांबला की ताबडतोब काढा.

गाडीला आता वर्ष होईल. मध्यंतरी पुढचं चाक कुरकुरायला लागलं, तेव्हा जावई तेलाची कुपी घेऊन आले. मी थांबवलं. तेलावर धूळ बसते आणि लगदा होतो. चाक काढलं, तर अ‍ॅक्सलला लेकीचे आणि तिच्या आईचे लांब केस गुंडाळलेले, वर एक राखीचा दोरा. चिमट्याने सगळं ओढून काढलं, ओल्या फडक्याने पुसलं, आणि 'टक्' ऐकून चाक पुन्हा बसवलं. नात शेजारी बसून तो चिमटा मागत होती. तो दिला नाही म्हणून ती रडली, आणि मला स्वयंपाकघरातून बोलणी बसली ती वेगळीच.

नमस्कार.