दोरखंडाच्या दोन टोकांना दोन आगबोटी

श्रोतेहो, नमस्कार.

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला किंवा मांडव्याला लाँचने गेला असाल, तर लाँचमागे उसळणारा पांढरा फेस तुम्ही पाहिलाच असेल. फेस दिसतो, तो काढणारा पंखा दिसत नाही. तो पाण्याखाली असतो. त्यात जाळ्याचा तुकडा किंवा नायलॉनची दोरी गुंडाळली गेली, की मगच त्याची आठवण होते. मग बुडी मारून ती कापायची कुणी, यावरून खलाशांमध्ये जे काही चालतं ते आकाशवाणीवर सांगण्यासारखं नाही. आज त्या पंख्याबद्दल बोलायचंय.

आगबोटी आल्या तेव्हा पंखा नव्हता. बोटीच्या दोन्ही अंगांना मोठाली चाकं, चाकांना फळ्या, आणि त्या फळ्या पाणी मागे लोटणार. नदीत हे झकास चालायचं. समुद्रात बोट एका अंगाला कलली, की एक चाक हवेत भिरभिरतंय आणि दुसरं पार बुडालंय. कोळसा जळत जाईल तशी बोट हलकी होऊन वर येणार, म्हणजे चाकं पाण्याबाहेर. लढाऊ जहाजावर तर आणखी पंचाईत. जिथे तोफा मांडायच्या तिथेच चाक ठाण मांडून बसलेलं, आणि शत्रूचा एक गोळा चाकावर बसला की जहाज जागच्या जागी.

तेव्हा पाण्याखाली, मागच्या बाजूला, मळसूत्रासारखा पंखा लावावा असं काही जणांच्या डोक्यात आलं. त्यातला एक फ्रान्सिस पेटिट स्मिथ. हा लंडनजवळ हेंडनला गुरंमेंढरं पाळणारा शेतकरी. शेतातल्या तळ्यात त्याने स्प्रिंगवर चालणारी छोटी बोट फिरवून पाहिली आणि १८३६ मध्ये पेटंट घेतलं. त्याच वर्षी पॅडिंग्टनच्या कालव्यात खरी बोट उतरवली. तिचं मळसूत्र लाकडी होतं, दोन पूर्ण वेढ्यांचं. ते कशावर तरी आपटलं, अर्धं तुटून गेलं, आणि बोट जोरात पळायला लागली! अर्धं मळसूत्र गेलं, वेग वाढला. स्मिथने पुढचं मळसूत्र एकाच वेढ्याचं केलं, धातूचं.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज माइकसमोर बसलोय ती सांगतो.

तारीख ३ एप्रिल १८४५. उत्तर समुद्र, पाणी शांत. ब्रिटिश नौदलाच्या दोन आगबोटी पाठीला पाठ लावून उभ्या. एकीचं नाव रॅटलर, दुसरीचं अलेक्टो. रॅटलरला पंखा, अलेक्टोला चाकं. लक्षात ठेवा, रॅटलरला पंखा, अलेक्टोला चाकं. आकार साधारण सारखा, कागदावर इंजिनंही सारखी, २०० अश्वशक्तीची. दोघींच्या मागच्या टोकांमध्ये जाडजूड दोरखंड बांधला. म्हणजे सरळसरळ रस्सीखेच, गणेशोत्सवात गल्लीत होते तशी, फक्त इथे माणसांऐवजी वाफ.

अलेक्टोला आधी सुरुवात करू दिली. रॅटलरचं इंजिन बंद. चाकं फिरली, दोरखंड ताणला गेला, आणि अलेक्टोने रॅटलरला दोन नॉटच्या, म्हणजे ताशी पावणेचार किलोमीटरच्या वेगाने उलटं ओढत नेलं. चाकांच्या बाजूने बोलणारे खूश झाले असणार. मग रॅटलरच्या इंजिनात वाफ सोडली. वेग कमी होत गेला आणि पाचेक मिनिटांत दोन्ही बोटी थांबल्या. दोन्ही इंजिनं चालू, पाणी घुसळतंय, आणि कुणीच हलत नाही. मग दोरखंड रॅटलरच्या बाजूला सरकायला लागला. अलेक्टोची चाकं पुढे जायला फिरतायत आणि अलेक्टो मागे मागे चाललीय! तेही रांगत नव्हे, अडीच नॉटच्या वर, म्हणजे ताशी पाच किलोमीटरला लागून. अलेक्टोच्या कप्तानाचा चेहरा कसा झाला असेल, हे मला दर वेळी डोळ्यांसमोर आणावंसं वाटतं.

ही गोष्ट सांगताना लोक एक भाग गाळतात. दोरीने जखडलेल्या अलेक्टोची चाकं इतकी संथ फिरत होती, की तिच्या इंजिनाला पूर्ण जोर लावताच येत नव्हता. नंतर आकडे मांडले गेले तेव्हा दिसलं, की रॅटलरचं इंजिन त्या वेळी जवळजवळ दुप्पट शक्ती देत होतं. शिवाय दोघींच्या शर्यती आधीच झाल्या होत्या, आणि पंख्याची जहाजं बांधायचं नौदलाने ठरवूनही टाकलं होतं. म्हणजे तो निव्वळ देखावा होता. असेना! निदान त्यांचा निर्णय तरी झाला होता. आपल्याकडे बोट सुरू करायची म्हटली की आधी समिती, मग अहवाल, मग त्या अहवालावर समिती. जयगड, रत्नागिरी, देवगड, वेंगुर्ला, पणजी अशी आगबोट जायची, पडावातून माणसं किनाऱ्याला उतरायची. ती बंद पडली आणि आपण महामार्गाच्या खड्ड्यांवर बोलत बसलो. कोकणची नियमित बोट पुन्हा सुरू व्हायलाच हवी, हे मी दर संधीला म्हणतो, आजही म्हणून घेतलं.

वेळ थोडा उरलाय, तेव्हा पुढचं भराभर. पंखा फार जोरात फिरवला की पात्यामागचा दाब इतका घटतो, की पाण्याची जागच्या जागी वाफ होते. बुडबुडे होतात, फुटतात आणि धातूला खड्डे पाडतात. अभियंता चार्ल्स पार्सन्सच्या टर्बिनिया बोटीला आधी हाच त्रास झाला. त्याने तीन दांड्यांवर मिळून नऊ पंखे लावले, आणि १८९७ मध्ये ती ३४ नॉटच्या वर पळाली. हल्ली मोठ्या प्रवासी जहाजांवर पंखा आणि विजेची मोटर एकाच डब्यात, जहाजाच्या पोटाखाली टांगलेली असते. डबा गोल फिरतो, म्हणून वेगळं सुकाणू लागत नाही. कोचीला तर २०२३ पासून बॅटरीवरच्या बोटी शहरभर माणसं नेतायत. पण चालवणारी वाफ असो, डिझेल असो की बॅटरी, ढकलणारा बहुतेक ठिकाणी पंखाच.

तुमच्यापैकी कुणाची मुलंबाळं इंग्लंडात असतील, तर त्यांना ब्रिस्टलला जायला सांगा. ब्रुनेल या इंग्रज अभियंत्याचं ‘ग्रेट ब्रिटन’ हे १८४३ चं लोखंडी जहाज तिथे कोरड्या गोदीत ठेवलंय. त्याला आधी चाकंच लावायची होती. स्मिथची पंख्याची बोट चालवून पाहिल्यावर ब्रुनेलने बेत बदलला. जहाजाभोवती काचेचं छत आहे आणि वर थोडं पाणी. पायऱ्यांनी त्याखाली उतरता येतं आणि सहा पात्यांच्या पंख्याशेजारी उभं राहता येतं. पंखा तिथला मूळचा नाही, त्याची प्रतिकृती आहे, पण आकार तोच. नमस्कार.