खिडकी हवी, पण कुठल्या बाजूची?

हे खाली दिसतंय ते ग्रीनलंड. लंडनहून लॉस एंजेलिसला जाणारं दिवसाचं विमान आहे आणि ही खिडकी उजवीकडची. हिमनद्या समुद्रात उतरतायत, त्यांच्या कडेच्या भेगासुद्धा मोजता येतील इतकं स्वच्छ. आता त्याच विमानातली, साधारण त्याच वेळची डावीकडची खिडकी बघा.

(डावी खिडकी, आवाज न देता थोडा वेळ)

काचेवर दुधाचं फडकं फिरवल्यासारखं झालंय. बर्फ तोच, उंची तीच, फक्त सूर्य या बाजूला आहे. विमानाची खिडकी साध्या काचेची नसते, ॲक्रिलिकची असते, तीन थर असतात, आणि ॲक्रिलिकवर चरे पटकन पडतात. ऊन थेट आलं की सगळे चरे, सगळे बोटांचे डाग पेटल्यासारखे उजळतात, सावलीत हेच चरे असून नसल्यासारखे. आणि हे खाली बारीक भोक दिसतंय ना, ते मधल्या थराला मुद्दाम पाडलेलं असतं, दाब सांभाळायला आणि आत वाफ धरू नये म्हणून. त्याच्याभोवती बर्फाची नक्षी जमते. विषयाशी तिचा फार संबंध नाही, पण शॉट इतका भारी आलाय की कापवेना.

तर बाजू ठरवायची ती आधी सूर्य बघून, खाली काय दिसणार ते नंतर. बहुतेक लोक उलटं करतात, किंवा काहीच करत नाहीत, सीट मॅपवर रिकामी दिसली की क्लिक.

आता सूर्य कुठल्या बाजूला येणार हे कळायला विमान कुठून जाणार ते कळायला हवं, आणि इथं भिंतीवरचा सपाट नकाशा पार चुकवतो. त्यावर लंडन ते लॉस एंजेलिस रेघ मारली की ती थेट अटलांटिक कापून जाते. म्हणून हा पृथ्वीगोल घेतलाय आणि हा शिवणाचा दोरा. एक टोक लंडनवर, दुसरं लॉस एंजेलिसवर, आणि ताणा. बघा कसा वर सरकतो, आइसलंडच्या खालून, ग्रीनलंडच्या दक्षिण भागावरून, मग हडसन बे आणि तिथून कॅनडावरून तिरका खाली. गोलावर सगळ्यात जवळचा रस्ता हाच. आता दोऱ्याच्या बाजूनं बोट फिरवत चला, तोंड पश्चिमेकडे, म्हणजे दक्षिण डाव्या हाताला, आणि एवढ्या उत्तरेला भरदिवसा सूर्य दक्षिणेकडेच असतो. डावीकडे ऊन, उजवीकडे सावली. सीट मॅपवर ए म्हणजे डावी खिडकी, आणि मोठ्या विमानात उजवी बऱ्याचदा के.

खरा रस्ता दोऱ्यापेक्षा थोडा इकडेतिकडे होतो, कारण उत्तर अटलांटिकवरचे मार्ग रोज वारा बघून नव्यानं आखले जातात, दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांचे वेगळे, रात्री पूर्वेकडे येणाऱ्यांचे वेगळे. त्यामुळे विमानांचे मार्ग नकाशावर दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ या वेबसाइटवर जाऊन त्याच फ्लाइट नंबरचे मागच्या काही दिवसांचे ट्रॅक बघायचे, दोऱ्याशी ताडून पाहायचे, झालं.

सावलीच्या बाजूला काय मिळतं ते आता बघा.

(ढगांवर रंगीत कडं)

इंद्रवज्र. सूर्य बरोबर पाठीमागे आणि समोर ढग असला की ढगातले पाण्याचे थेंब उजेड आल्या वाटेनं परत फिरवतात आणि ही कडी दिसतात, लाल बाहेरच्या बाजूला. उन्हाच्या बाजूला बसून हे दिसणं शक्यच नाही. ढग जवळ आला की मधे विमानाची सावली पण येते, आणि नीट बघा, कड्याचा मध्य सावलीवर कुठे पडतोय? पंखाच्या जरा पुढे. कॅमेरा विमानात तिथेच होता. मागच्या रांगेतल्या माणसाला तेच कडं शेपटीजवळ दिसेल, म्हणजे ज्याचं त्याचं वेगळं.

डावीवाले म्हणतील, सूर्यास्त आमच्याकडे. मान्य. हिवाळ्यात दुपारी उशिरा निघालेल्या फ्लाइटचा हा शॉट, यात काहीही स्लो केलेलं नाही. विषुववृत्तावर जमीन ताशी साधारण १६७० किलोमीटरनं पूर्वेकडे फिरते, ६० अंश उत्तरेला तो वेग निम्मा, ८३५, आणि विमान जातंय ९०० च्या आसपास, पश्चिमेकडे. म्हणजे सूर्य मावळायचाच थांबतो, लाली तासन् तास तिथंच. पण उजवीकडे वळा. क्षितिजालगत हा निळा-करडा पट्टा आहे ना, ती पृथ्वीची सावली, वरचा गुलाबी भाग म्हणजे सावलीच्या वरच्या हवेवर पडलेलं मावळतीचं ऊन. जमिनीवरून हे थोडा वेळ दिसतं आणि विरतं, इथं सूर्यास्त जितका वेळ रेंगाळतो तितका वेळ हे पण. अख्ख्या केबिनचे फोन डावीकडे लागलेले असतात.

रांग निवडताना पंखाच्या बऱ्यापैकी पुढची घ्या, पंखामागे इंजिनाची गरम हवा मधे येते आणि सगळं थरथरतं. आणि खिडक्यांमधलं अंतर विमान बनतानाच ठरलेलं असतं पण सीटमधलं अंतर एअरलाइन ठरवते, त्यामुळे पैसे भरून घेतलेल्या विंडो सीटला शेजारी नुसती भिंत, असंही होतं.

परतीला लोक तीच बाजू घेतात. इथं गडबड होते. परतीची फ्लाइट रात्रीची, तोंड पूर्वेकडे, आता उत्तर डावीकडे.

(हिरवा प्रकाश, जॅकेटखालून)

ध्रुवीय प्रकाश बहुतेक वेळा याच बाजूला. डोळ्यांना आधी राखाडी ढग वाटतो, हिरवा रंग कॅमेऱ्यात आधी उठतो. डोक्यावरून जॅकेट घेऊन काचेला चिकटायचं म्हणजे केबिनचे दिवे काचेत दिसत नाहीत. उन्हाळ्यात हे सोडून द्या, रात्र पुरती काळी होतच नाही, पण तेव्हा उत्तरेच्या क्षितिजावर संधिप्रकाशाची रेघ रात्रभर राहते, ती पण डावीकडेच.

बाकी शेजाऱ्याला झोपायचं असतं, क्रू शेड खाली करा म्हणतो, बोइंग ७८७ मध्ये तर शेडच नाही, बटणानं काच गडद होते आणि ते क्रूला लॉक करता येतं, ते आहेच.

विषुववृत्ताच्या बरंच खाली सगळं उलटं. तिथं भरदुपारचा सूर्य उत्तरेला, सावली दक्षिणेला. सिडनीहून पूर्वेकडे, चिलीतल्या सँटियागोला जाणारी विमानं कधीकधी इतक्या दक्षिणेवरून जातात की समुद्रातला बर्फ दिसतो, त्यासाठी उजवी खिडकी. ते फुटेज आमच्याकडे नाही. जाणार असाल तर तिथंही पंखाच्या पुढचीच रांग बघा.